पाहुण्या नृत्याचा पाठ : फ्लामेंको
(इयत्ता पाचवी ते सातवी. संगीत, भूगोल व इतिहास यांच्या समवायासाठी)

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाशी नीरा नदी भीमेस मिळते. त्या संगमावरील नरसिंहपूर हे गाव लक्ष्मी-नरसिंहाच्या देवालयामुळे आणि पात्रात उतरत गेलेल्या दगडी घाटामुळे सर्वांस परिचित आहे. अलीकडे इंदापूर तालुका, पाण्यापलीकडे माळशिरस व माढा. या टापूतील मुलास ताल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आरतीच्या वेळी झांज धरून उभे राहिलेले, आषाढात तुकोबांच्या पालखीबरोबर इंदापूर ते सराटीच्या वाटेवर वारकऱ्यांची पावली पाहून स्वतःचेही पाऊल टाकलेले, बहिणींच्या फुगडीभोवती टाळ्या वाजविलेले असे ते मूल असते. शाळेत मात्र हा अंगचा ताल उंबऱ्याबाहेर ठेवावा लागतो आणि संगीताच्या तासाला त्यास पुन्हा नव्याने एक, दोन, तीन, चार मोजावयास लावले जाते.

प्रस्तुत पाठाचा आरंभ या अंगच्या तालापासून करावयाचा आहे, आणि त्याचा शेवट युरोपच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील स्पेन देशात व्हावयाचा आहे. स्पेनच्या दक्षिणेस आंदालुसिया नावाचा प्रांत आहे. तेथील गाणे, गिटारवादन व नृत्य यांचा मिळून जो एक कलाप्रकार बनला आहे त्यास फ्लामेंको असे म्हणतात. स्पेनमधील कलावंतांचे ताफे देशोदेशी जात असतात. मुंबई-दिल्लीच्या नाट्यगृहांतही त्यांचे कार्यक्रम झालेले आहेत. नरसिंहपुरास असा ताफा येण्याचा संभव थोडा. परंतु मोबाईलच्या पडद्यावर ही कला गावात केव्हाच येऊन पोहोचली आहे. २०११ सालच्या एका लोकप्रिय हिंदी चित्रपटातील स्पेनमधील नाचगाणे पुष्कळ पालकांच्या स्मरणात असेल. तेव्हा एखाद्या सायंकाळी शाळेच्या पटांगणात पडदा बांधून, पालकांना बोलावून, पाऊण तासाचा एखादा चांगला कार्यक्रम दाखविणे कोणत्याही शाळेस शक्य आहे. मात्र पडदा बांधण्यापूर्वीचे दोन तास शिक्षकाने वर्गात खर्च केले पाहिजेत. तयारीवाचून पाहिलेले परके नृत्य मुलांस केवळ आदळआपट वाटते, आणि ती हसतात. हसण्याचा दोष त्यांचा नव्हे.

पहिला तास तालाचा. फळ्यावर एक ते बारा अंक एका ओळीत लिहावेत आणि ३, ६, ८, १० व १२ या अंकांभोवती वर्तुळे काढावीत. मुलांनी सर्व अंक सारख्या गतीने मोजावेत, वर्तुळातील अंकावर तेवढी टाळी द्यावी. हा फ्लामेंकोतील 'सोलेआ' या गंभीर प्रकाराचा ताल होय. दोन टाळ्यांमधील अंतर पाहिले तर तीन, तीन, दोन, दोन, दोन असे भरते. दोन लांब ढांगा आणि तीन आखूड पावले, असे मुलांस सांगितले म्हणजे तोंडाने मोजण्यापूर्वीच ती अंगणात चालून दाखवितात. अशा तालचक्रास स्पॅनिश भाषेत 'कोम्पास' म्हणतात. 'बुलेरिया' नावाच्या चपळ व खेळकर प्रकारातही ठोके मुख्यतः हेच; गती तेवढी दुप्पट-तिप्पट होते. सर्वच फ्लामेंको बारांचे नाही. 'तांगोस' हा प्रकार सरळ चारांत चालतो, आणि लहान वर्गांना तोच पुरे.

येथे एक व्यावहारिक अडचण येते. दहापर्यंत मुले नीट मोजतात. 'अकरा' हा शब्द लांब पडतो आणि लय अडखळते. स्पेनमधील गुरूंनाही त्यांच्या भाषेत हीच अडचण पडते आणि त्यांनी तिचा साधा उपाय काढला आहे. ते दहानंतर अकरा-बारा न म्हणता पुन्हा 'एक, दोन' म्हणतात आणि मग नवे आवर्तन सुरू करतात. मराठीतही तसेच करावे.

हे साधले की वर्गाचे दोन भाग पाडावेत. एका भागाने आपला एकताल धरावा. त्याच्याही मात्रा बाराच. टाळ्या पहिल्या, पाचव्या, नवव्या व अकराव्या मात्रेवर, आणि तिसऱ्या व सातव्या मात्रेवर खाली. दुसऱ्या भागाने सोलेआ धरावा. दोन्ही भागांनी एकाच वेळी 'एक' म्हणून प्रारंभ केला असता असे आढळून येते की, एका भागाची टाळी दुसऱ्या भागाच्या टाळीवर कधीही पडत नाही. तिसऱ्या मात्रेवर तर एकीकडे खाली म्हणून हात हवेत जातो आणि त्याच क्षणी दुसरीकडे टाळी वाजते. दोन देशांचे ताल एकमेकांच्या रिकाम्या जागा भरू लागतात आणि वर्ग एखाद्या कारखान्यासारखा वाजू लागतो. फ्लामेंकोतील टाळ्या वाजविणारी माणसे नेमके असेच करतात : एकाने ठोका धरावयाचा, दुसऱ्याने त्याच्या फटीत ठोका घालावयाचा. आपल्याकडे आवर्तन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येऊन विसावते. सोलेआतील वाक्य दहाव्या ठोक्यावर येऊन थांबते आणि उरलेले दोन ठोके श्वास घेण्यास राहतात. हा भेद मुलांच्या हातांना कळला म्हणजे पुरे. त्याची व्याख्या लिहवून घेऊ नये.

टाळीचेही प्रकार दोन. तीन बोटे दुसऱ्या तळहातावर आपटून काढलेली खणखणीत टाळी, आणि दोन्ही तळहात पोकळ धरून काढलेली दबकी टाळी. गायक हळू गात असेल तेव्हा दबकी, नर्तकीचे पाय बोलू लागले म्हणजे खणखणीत. साथीला मृदंग किंवा ढोलकी नाही. अलीकडे एक लाकडी पेटी दिसते. वादक तिच्यावरच बसतो आणि तिच्या पुढच्या फळीवर हाताने वाजवितो. ही पेटी मूळची स्पेनमधील नव्हे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी मालाच्या खोक्यांपासून ती घडविली, आणि विख्यात गिटारवादक पाको दे लुसिया (१९४७–२०१४) यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती फ्लामेंकोत आणली. आज ती तेथे अशी रुळली आहे की, जणू पूर्वापार तिथलीच. वर्गात तिच्या जागी शिक्षकाचे टेबल चालते.

दुसऱ्या तासास प्रत्यक्ष कार्यक्रमाचे स्वरूप समजावून द्यावे. पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर फारसे काही नसते. अर्धवर्तुळात मांडलेल्या साध्या खुर्च्या, त्यांवर गिटारवादक, एक-दोन गायक आणि टाळ्या देणारे. गायक प्रथम शब्द गात नाही. केवळ 'आय्' या उद्गारावर आवाज लावतो, आपल्याकडील आलापासारखा. हा आवाज गोड नसतो. तो खरखरीत, फाटल्यासारखा असतो, आणि जाणकारांस तोच प्रिय असतो. मुलांस हे आधी सांगून ठेवावे, कारण चित्रपटगीतांच्या गुळगुळीत आवाजाची सवय झालेल्या कानांस तो प्रथम रडण्यासारखा वाटतो. नंतर नर्तकी किंवा नर्तक उठतो. पाठीचा कणा ताठ, छाती उंच, हात मंद गतीने डोक्यावर चढत जाणारे, मनगटे फिरणारी. सारा वेग पायात. बुटांच्या टाचेस व चवड्यास खिळे ठोकलेले असतात. आपल्या नर्तकीच्या घुंगरांचे काम तेथे ते खिळे करतात.

नर्तक हा साथीच्या मागे जाणारा नसून साथीस हाक मारणारा असतो. पायांच्या एका ठरावीक ठेक्याने तो गिटारवाल्यास सुचवितो की, आता थांब, आता वळ, आता गती वाढव. ज्यांनी ढोलकीच्या फडावर लावणी पाहिली आहे, ढोलकीवाला आणि नर्तकीचे पाय यांची जुगलबंदी ऐकली आहे, त्यांस हे तत्काळ उमजेल. बसलेले सहकारी मध्येच 'ओले' असे ओरडतात. पोवाड्यातील झिलकरी 'जी जी रं जी' म्हणतात, मैफलीत जाणकार 'क्या बात है' म्हणतात, त्याच जातीची ही दाद. फक्त ती नेमक्या ठोक्यावर यावी लागते. अवेळी दिलेली 'ओले' ही परक्या प्रेक्षकाची खूण समजली जाते. हातातील लाकडी चिपळ्या म्हणजेच फ्लामेंको, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. त्या चिपळ्या स्पेनच्या अन्य नृत्यांतून आलेल्या असून पुष्कळ श्रेष्ठ कलावंत त्यांस हातही लावीत नाहीत.

आता इतिहासाकडे. येथे शिक्षकाने अधिक सावधपणे बोलावयास हवे. ही कला कोणी घडविली, या प्रश्नाचे उत्तर 'जिप्सींनी' असे एका शब्दात देण्याची रीत आहे. जिप्सी लोक मूळचे वायव्य भारतातील, हजारएक वर्षांपूर्वी ते पश्चिमेकडे निघाले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालेले आहे. स्पेनमधील जिप्सींच्या 'कालो' बोलीत पाण्यास 'पान्यी', सुरीस 'चुरी' आणि माणसास 'मानुस' म्हणतात. 'दुई, त्रिन, पांचे' हे अंक तर मराठी मुलास सांगावे लागत नाहीत. हे शब्द फळ्यावर लिहिताच वर्गात आनंदाची लाट उठते आणि तो आनंद योग्यच आहे. परंतु त्यापुढे जाऊन 'फ्लामेंको म्हणजे आपले कथक, ते तिकडे गेले' असे जे ठोकून दिले जाते ते शास्त्रशुद्ध नाही. जिप्सी युरोपातील कितीतरी देशांत राहतात. फ्लामेंको जन्मले ते केवळ आंदालुसियात, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. त्यात जिप्सींचा वाटा फार मोठा, पण शेजारच्या गरीब शेतमजुरांची गाणी, मुसलमानी अमदानीचे उरलेले सूर, अमेरिकेच्या वसाहतींतून गलबतांबरोबर परतलेल्या चाली हेही त्यात मिसळले. युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिची नोंद केली, ती अशा मिसळीचीच नोंद आहे. आपल्या देशाचा अभिमान मुलांत जरूर वाढवावा. त्यासाठी दुसऱ्याच्या घरातील वस्तू आपली म्हणून उचलून आणण्याचे कारण नाही.

इसवी सन १४२५ मध्ये आरागोनच्या राजाने जिप्सींच्या एका नायकास प्रवासाचा परवाना दिला, ही स्पेनमधील त्यांची पहिली लेखी नोंद होय. तेव्हा ते यात्रेकरू म्हणून आले व सन्मानाने राहिले. हा सन्मान फार दिवस टिकला नाही. १४९९ साली राजाज्ञा निघाली : साठ दिवसांत भटकणे सोडून एखाद्या गावी स्थायिक व्हावे आणि उद्योग धरावा, नाही तर देश सोडावा. त्यानंतर अडीचशे वर्षे आज्ञांमागून आज्ञा निघत राहिल्या. १७४९च्या जुलै महिन्यात तर एकाच वेळी देशभर धरपकड करून सुमारे नऊ हजार स्त्री-पुरुष व मुले पकडण्यात आली. पुरुषांस नौदलाच्या गोद्यांत सक्तमजुरीस लावले, बायकामुलांस वेगळ्या ठिकाणी कोंडले, जेणेकरून ही जातच पुढे वाढू नये. पुष्कळांची सुटका होण्यास दहा-पंधरा वर्षे लागली. १७८३च्या आज्ञेने त्यांस उद्योगाची मोकळीक दिली, परंतु त्यांची भाषा, पोषाख व नाव यांवर बंदी घातली.

सेव्हिल शहरी, ग्वादालकिवीर नदीच्या पलीकडच्या काठावर, त्रियाना नावाची वस्ती आहे. तेथील जिप्सींचा मोठा व्यवसाय लोहारकीचा. ऐरणीवर हातोडा पडत असता त्यांनी जी गाणी गायिली त्यांस 'मार्तिनेते' म्हणतात. या गाण्यास गिटार नाही, कसलीच साथ नाही. रंगमंचावर गाताना आजही काही वेळा खरी ऐरण आणून ठेवतात. विषय बहुधा बंदिवासाचे, धरून नेलेल्या माणसांचे. पडद्यावरील कार्यक्रमात असा एखादा तुकडा आवर्जून असावा. रंगीत झगे नंतर कितीही पाहता येतात.

मार्तिनेते ऐकविताना शिक्षकाने मुलांस एवढेच विचारावे, की लोखंड तापवून ठोकण्याचा आवाज गावात कोणी कोठे ऐकला आहे. उसाच्या पट्ट्यातील मूल लगेच सांगते. तोडणीचा हंगाम जवळ आला म्हणजे गावाबाहेर घिसाड्यांची पाले पडतात. कोयते, विळे, खुरपी यांना पाणी देण्याचे काम चालते. पुरुष सांडशीने तापले लोखंड धरतो आणि समोर उभी राहून बाई घण घालते. तो घण आणि पुरुषाची लहान हातोडी यांचा जो आळीपाळीचा ठेका पडतो तो शहरच्या मुलास विकत घेऊनही मिळावयाचा नाही.

याच ठिकाणी चूक होण्याचा फार संभव आहे. त्या पालांतील एखादे मूल महिना-दोन महिने वर्गात मागच्या बाकावर येऊन बसलेले असते. उत्साही शिक्षक त्यास पुढे बोलावतो, 'हा बघा, हाही त्यांच्यातलाच' म्हणतो आणि एखादे गाणे म्हणावयास लावतो. शिक्षकाच्या मनात कौतुक असते. त्या मुलाच्या मनात मात्र चव्हाट्यावर आल्याची भावना असते. तसे कदापि करू नये. त्याऐवजी दोन-तीन मुलांच्या तुकड्या करून तालाचा अभ्यास द्यावा आणि त्या मुलाची तुकडी इतरांसारखीच ठेवावी. घणाचा ठेका टेबलावर वाजवून दाखवावयास सर्वांस सांगावे. ज्याच्या कानात तो लहानपणापासून आहे त्याचा हात आपोआप निराळा पडतो, आणि ते वर्गास शिक्षकाने सांगावे लागत नाही.

१४९९ची स्पॅनिश राजाज्ञा सांगितल्यावर १८७१चा आपल्याकडील गुन्हेगार जमातींचा कायदाही मोठ्या वर्गांस सांगावा. जन्मावरून माणसास गुन्हेगार ठरविणारा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. नदी ओलांडली की ज्याची हद्द लागते त्या सोलापूर जिल्ह्यात, खुद्द सोलापूर शहरी, अशा जमातींसाठी काटेरी तारेने वेढलेली मोठी वसाहत होती. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) किंवा लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे पुस्तक ज्या शिक्षकाने वाचलेले नाही त्याने या पाठापूर्वी अवश्य वाचावे. शाळेच्या दारापर्यंत पोहोचलेले भटके मूल दारातच का घुटमळते, हे त्यांत जितके कळते तितके प्रशिक्षणवर्गात कळत नाही.

वरच्या इयत्तेत १९२२च्या स्पर्धेची हकीकत सांगण्याजोगी आहे. फ्लामेंको तेव्हा गावोगावच्या कॉफीगृहांत पैसे घेऊन सादर होत असे. त्यामुळे जुने गाणे भ्रष्ट झाले असे वाटून संगीतकार मान्वेल दे फाया, तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का आदी मंडळींनी ग्रानादा येथील आलांब्राच्या आवारात जून महिन्यात दोन रात्री स्पर्धा भरविली. धंदेवाईक गायकांस त्यात प्रवेश नव्हता. सत्तरी ओलांडलेला 'एल तेनासास' नावाचा वृद्ध आणि मानोलो काराकोल हा बारा वर्षांचा मुलगा यांनी मानाची बक्षिसे पटकाविली. स्पर्धेचा हेतू थोर होता. पण हा मुलगा नामांकित गायकांच्या घराण्यातलाच होता आणि पुढे धंदेवाईक गायक म्हणूनच कीर्ती पावला. जी कला पोटासाठी गायिली जाते ती अशुद्ध, हा विद्वानांचा समज त्यांनीच बक्षीस दिलेल्या मुलाने खोटा पाडला. आपल्याकडेही लावणीस 'अस्सल लोककला' म्हणून गौरवावयाचे आणि ती नाचणारीच्या बिदागीत मात्र घासाघीस करावयाची, हे चालू आहेच.

कार्मेन आमाया (मृत्यू १९६३) ही जिप्सी नर्तकी बार्सेलोनाच्या समुद्रकाठी झोपड्यांच्या वस्तीत जन्मली आणि गिटारवादक बापाबरोबर लहानपणीच खाणावळींतून नाचू लागली. पुरुषी विजार घालून तिने पायांचे जे काम करून दाखविले त्याने तोवर पुरुषांचे मानलेले क्षेत्र स्त्रियांस खुले केले. तिच्याशेजारी आपल्याच जिल्ह्यातील गावाचे नाव लावणाऱ्या विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे चित्र ठेवावे. प्रयोग चालू असता पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. ती शौर्याची म्हणून सांगितली जाते. तिच्यात जी लाचारी आहे तीही सातवीच्या मुलींस समजते. टाळ्या थांबल्यानंतर नर्तकीच्या मुलाबाळांचे काय होते, हे किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात आहे. ते पुस्तक वर्गात वाचावयाचे नसून शिक्षकाने स्वतः वाचावयाचे आहे.

कार्यक्रमाच्या सायंकाळी मुलांनी पुढे बसावे, पालकांनी मागे. प्रत्येक तुकड्याआधी त्याचा ताल तांगोसचा चारांचा की सोलेआचा बारांचा एवढेच शिक्षकाने सांगावे. भाषण करू नये. मुले टाळ्या देऊ लागली तर देऊ द्यावीत.

दुसऱ्या दिवसाचा स्वाध्याय : प्रत्येकाने आपल्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाकडून कामाबरोबर म्हटले जाणारे एक गाणे ऐकून, जसे ऐकले तसे, त्यांच्याच बोलीत वहीत उतरून आणावे. जात्यावरची ओवी, मोटेवरचे गाणे, भलरी, काहीही चालेल. १८८१ साली माचादो इ आल्वारेझ या स्पॅनिश विद्वानाने फ्लामेंकोच्या गीतांचा पहिला मोठा संग्रह अशाच ऐकीव गीतांतून केला, आणि गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी पुण्यास राहून गावोगावच्या बायांच्या जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बोली शुद्ध करून लिहू नये. तांबड्या शाईने दुरुस्तही करू नये. गाण्याखाली म्हणणाऱ्याचे नाव, गाव, काम कोणते आणि दिनांक लिहावा. नाव देण्यास कोणी नकार दिल्यास ती जागा मोकळी सोडावी.